सहा फुटांची भिंत: शिकागोची मोनाडनॉक इमारत

शिकागोच्या मध्यवस्तीत डिअरबॉर्न स्ट्रीट आणि जॅक्सन बुलेव्हार्ड यांच्या चौकात, नैर्ऋत्य कोपऱ्यावर मोनाडनॉक ही इमारत उभी आहे. जॅक्सनपासून व्हॅन ब्युरेन स्ट्रीटपर्यंतची सगळी लांबी तिने व्यापली आहे. लांबी सुमारे ४२० फूट, उंची २१५ फूट आणि रुंदी जेमतेम ६६ फूट. उत्तरेकडचा अर्धा भाग १८९१ मध्ये पुरा झाला, दक्षिणेकडचा १८९३ मध्ये. उत्तरेच्या भागाचे वजन मुख्यतः विटांच्या भिंती पेलतात, दक्षिणेच्या भागाचे पोलादी सांगाडा. एका मालकाने, एकाच रस्त्यावर, एकाला एक लागून बांधलेल्या या दोन भागांच्या दरम्यान उंच इमारत बांधण्याची रीतच बदलली. त्या बदलाचे दोन्ही काठ एका छपराखाली पाहायला मिळतात, अशी दुसरी जागा सांगणे अवघड आहे.

उत्तरेचा भाग समोरून पाहिला तर प्रथम जाणवते ते तिथे काय नाही हे. कोरीव दगड नाही, खांबांची माळ नाही, मजल्यामजल्यावर धावणारी कंगणी नाही. जांभळट तपकिरी विटांची भिंत जमिनीतून निघते, दुसऱ्या मजल्याजवळ हलकेच आत वळते, मग थेट वर चढत जाते आणि अगदी माथ्यावर पुन्हा थोडी बाहेर झुकते. मधल्या उंचीवर खिडक्यांचे उभे पट्टे भिंतीतून फुगून बाहेर आलेले दिसतात, पण त्यांनाही धारदार कड नाही. इमारतीचा कोपरा खाली टोकदार आहे. वर जाताना तो हळूहळू कापला जातो आणि कापलेली पट्टी माथ्याकडे रुंद होत जाते. एवढ्या भरभक्कम वास्तूला डौल आला आहे तो या दोन-तीन वळणांमुळे.

जॅक्सन बुलेव्हार्डच्या पलीकडे वास्तुकार मीस व्हान डेर रोह याच्या आराखड्यातले केंद्र सरकारच्या कचेऱ्यांचे संकुल आहे. तिथला क्लुझिन्स्की मनोरा १९७४ मध्ये पुरा झाला. त्याची बाहेरची भिंत म्हणजे काळे पोलाद आणि काच, जाडी काही इंचांची. समोर मोनाडनॉकची भिंत तळाशी ६ फूट जाड. मधल्या रस्त्याची रुंदी ओलांडायला मिनिटही लागत नाही.

बॉस्टनचा पैसा, शिकागोची जमीन

१८७१ च्या आगीत शिकागोचा मध्यभाग जळून गेला. नंतरच्या वीस वर्षांत शहर पुन्हा उभे राहिले ते बऱ्याच अंशी पूर्वेकडच्या भांडवलावर. पीटर ब्रूक्स आणि शेपर्ड ब्रूक्स हे बॉस्टनचे भाऊ त्या भांडवलदारांपैकी होते. त्यांच्या आजोबांनी जहाजांच्या विम्यात संपत्ती मिळवली होती, नातवांनी ती शिकागोच्या जमिनीत गुंतवली. पीटर बॉस्टनजवळ राहून पत्रांतून कारभार पाही. शिकागोत त्यांचा सगळा व्यवहार ओवेन ऑल्डिस हा वकील बघत असे. जागा शोधणे, वास्तुकार नेमणे, भाडेकरू आणणे ही सगळी कामे त्याची.

जमिनीचे भाव चढले की उंच बांधणे भाग पडते, हे पीटर ब्रूक्सने लवकर ओळखले होते. त्याआधी इमारती पाच-सहा मजल्यांवर थांबत, कारण त्याहून वरच्या खोल्यांपर्यंत जिने चढून जायला कोणी भाडे देत नसे. न्यूयॉर्कमध्ये एलिशा ओटिसने १८५४ मध्ये आपल्या लिफ्टच्या पाळण्याचा दोर भर प्रदर्शनात कापून दाखवला. दोर तुटला तरी पाळणा जागीच अडकून राहतो, याची लोकांना खात्री पटली. लिफ्ट रुळल्यावर वरच्या मजल्यांचा भाव उलटा झाला. तिथे उजेड जास्त, धूर आणि गोंगाट कमी, म्हणून भाडेही चांगले.

ब्रूक्स बंधूंनी १८८२ मध्ये बांधलेली मोंटॉक ब्लॉक ही दहा मजली इमारत हा या हिशेबाचा पहिला मोठा प्रयोग. वास्तुकार डॅनियल बर्नहॅम आणि जॉन वेलबॉर्न रूट. मोंटॉक १९०२ मध्ये पाडली गेली, पण मालक, ऑल्डिस आणि वास्तुकार यांची जोडणी पुढे टिकली. १८८८ ची रूकरी इमारत त्याच जोडणीची, आणि ती आजही उभी आहे.

मोनाडनॉकची जागा त्या काळी शहराच्या कडेला होती. डिअरबॉर्न स्ट्रीट दक्षिणेला पुढे काढला गेला, १८८५ मध्ये त्याच्या टोकाला डिअरबॉर्न स्टेशन उघडले, तरी सावकारी आणि व्यापाराची गर्दी उत्तरेलाच होती. एवढ्या लांब कचेऱ्या थाटायला कोण येणार, असा सूर होता. ऑल्डिसने जागा धरून ठेवली आणि ब्रूक्सनी घाई केली नाही. पहिले आराखडे १८८४-८५ चे, बांधकामाचा परवाना १८८९ चा. मधली चार-पाच वर्षे कागद बदलत राहिले.

कोरा होत गेलेला आराखडा

रूट जॉर्जियात १८५० मध्ये जन्मला आणि न्यूयॉर्कमध्ये स्थापत्य अभियांत्रिकी शिकला. बर्नहॅमबरोबर त्याने १८७३ मध्ये भागीदारी केली. कामाची वाटणी सरळ होती. गिऱ्हाईक आणि व्यवहार बर्नहॅमकडे, कल्पना आणि रेखाटने रूटकडे. रूटला नक्षीची आवड होती, आणि रूकरीचे प्रवेशद्वार पाहिले की ती किती होती हे कळते. मोनाडनॉकच्या सुरुवातीच्या आराखड्यांतही इजिप्शियन वळणाची सजावट होती.

ती सजावट पीटर ब्रूक्सच्या पत्रांपुढे टिकली नाही. भिंतीतून काहीही पुढे येऊ नये किंवा आत जाऊ नये, सगळे सपाट असावे, असा त्याचा आग्रह होता. कारणे घरमालकाची होती. पुढे आलेल्या कडेवर घाण साचते, कबुतरे-चिमण्या मुक्काम करतात आणि इमारतीला त्याने बळकटीही येत नाही. शिकागोत तेव्हा धुरकट दगडी कोळसा जळे, त्यामुळे ही तक्रार कंजूषपणाची म्हणून सोडून देता येत नाही. दर्शनी नक्षी दोन-तीन वर्षांत काळी पडे आणि ती धुण्याचा खर्च कायमचा मागे लागे.

पुढचा प्रसंग हॅरिएट मन्रो हिने १८९६ मध्ये लिहिलेल्या रूटच्या चरित्रामुळे माहीत आहे. मन्रो रूटची मेहुणी, आणि पुढे १९१२ मध्ये तिनेच ‘पोएट्री’ हे मासिक सुरू केले. ती सांगते की रूट सुट्टीवर समुद्रकिनारी गेला असताना बर्नहॅमने कार्यालयातल्या एका आरेखकाला अगदी सरळ, अलंकारहीन दर्शनी भिंत काढायला सांगितली. परत आल्यावर रूट संतापला. मग काही दिवसांनी त्यालाच त्या कोरेपणाची गोडी लागली. इजिप्तच्या पिरॅमिडांच्या उतरत्या, जड रेषा आपल्या डोक्यात बसल्या आहेत आणि एकाही दागिन्याशिवाय ही इमारत उभी करायची आहे, असे तो सांगू लागला. हा वृत्तांत घरच्या माणसाचा आहे, त्यात रूटची बाजू थोडी उजळ झाली असेल. पण इमारत त्याला दुजोरा देते. मालकाने फक्त नक्षी काढायला सांगितले होते, भिंतीला बाक द्यायला नाही. तळाचा आतला वळसा, माथ्याचा बाहेरचा झोक आणि रुंदावत जाणारा कोपरा या गोष्टी रूटच्या.

त्या वळणांचा खर्च मालकालाच आला, ही त्यातली गंमत. साध्या चौकोनी विटेत अशी भिंत रचता येत नाही. खिडक्यांच्या फुगवट्यांसाठी, कोपऱ्यांसाठी, तळाच्या बाकासाठी वेगवेगळ्या आकारांच्या विटा खास साचे करून पाडाव्या लागल्या. रूटला आणखी एक हवे होते: तळाशी गडद तपकिरी आणि वर जाताना फिकी होत माथ्यावर पिवळी, अशी विटांची रंगछटा. ऑल्डिसने त्याला नकार दिला.

१५ जानेवारी १८९१ रोजी न्यूमोनियाने रूटचे निधन झाले. वय ४१. १८९३ मध्ये भरणाऱ्या जागतिक प्रदर्शनाच्या आखणीसाठी देशभरचे वास्तुकार त्याच आठवड्यात शिकागोत जमले होते. मोनाडनॉकचा उत्तर भाग त्याच वर्षी पुरा झाला.

भिंतीचा हिशेब

वीट दाबाला चांगली टिकते, पण भार खालच्या दिशेने साठत जातो. उत्तर भागात सोळाव्या मजल्याच्या भिंतीवर फक्त छपराचा बोजा असतो. पहिल्या मजल्याच्या भिंतीवर वरच्या पंधरा मजल्यांची भिंत, त्यांच्या तक्तपोशी, कपाटे, कागद आणि माणसे. म्हणून त्या काळचा ठोकळ नियम असा होता की एका मजल्याला १२ इंच जाडी धरावी आणि वर चढणाऱ्या प्रत्येक मजल्यामागे तळाशी ४ इंच वाढवावी. सोळा मजल्यांसाठी हा हिशेब बरोबर ७२ इंचांवर, म्हणजे ६ फुटांवर येतो. माथ्याजवळ हीच भिंत दीड फुटाची उरते.

६६ फुटांच्या रुंदीत दोन बाजूंना अशा दोन भिंती. तळमजल्यावर रुंदीचा जवळजवळ पाचवा हिस्सा विटांनी खाल्ला. रस्त्यालगतचे गाळे सर्वांत महाग, आणि सर्वांत जाड भिंतही तिथेच. ज्या मालकाने कबुतरांच्या विष्ठेचा खर्च आधीच मांडला होता, त्याला हे दिसले नसेल असे नाही.

पूर्ण भारवाही भिंतींची इमारत हे वर्णन मोनाडनॉकला बरेचदा चिकटवले जाते आणि ते थोडे जपून वापरायला हवे. व्यापारी वापराच्या, बाहेरच्या भिंतींवर उभ्या असलेल्या इमारतींत ती जगात सर्वांत उंच मानली जाते. पण आतल्या मजल्यांचा भार बिडाच्या आणि घडीव लोखंडाच्या खांब-तुळयांवर आहे. शिवाय इतकी उंच आणि इतकी चिंचोळी इमारत वाऱ्याला आडवी उभी आहे. मिशिगन सरोवरावरून येणारा वारा तिच्या लांबट अंगावर आदळतो. त्यासाठी रूटने आतल्या खांबांमध्ये लोखंडी आडव्या पट्ट्या रिव्हेटने घट्ट जोडून दाराच्या चौकटीसारखी रचना केली. चौकटीचे कोपरे ताठ राहिले की ती तिरकी होत नाही. वाऱ्यासाठी अशी ताठ चौकट अमेरिकेत प्रथम इथे योजली गेली, असे मानले जाते. म्हणजे विटांची ही शेवटची मोठी वास्तू लोखंडाच्या आधाराविना उभी नव्हतीच.

लोखंडाचा सांगाडा तोवर नवा राहिलेला नव्हता. मुंबईत काळा घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल १८६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये ओतलेले बिडाचे भाग आणून, जुळवून उभे केले गेले. पण ते पाचच मजल्यांचे. शिकागोत वास्तुकार विल्यम ल बॅरन जेनीने १८८५ मध्ये होम इन्शुरन्स इमारतीत धातूच्या सांगाड्याला उंचीच्या कामाला लावले. त्याचीच सोळा मजली मॅनहॅटन इमारत मोनाडनॉकपासून थोड्या अंतरावर, त्याच डिअरबॉर्न स्ट्रीटवर, त्याच १८९१ साली पुरी झाली, आणि ती सांगाड्यावर उभी आहे. तेव्हा मोनाडनॉक बांधली जात असतानाच तिची रीत जुनी झाली होती. ब्रूक्सना मात्र विटेवर भरवसा होता. उघडे लोखंड आगीत काय करते ते शिकागोने १८७१ मध्ये पाहिले होते: बीड तडकते आणि घडीव लोखंड मऊ होऊन वाकते. म्हणून आतल्या लोखंडाला आणि मजल्यांना भाजक्या मातीच्या पोकळ कौलांचे आवरण दिले गेले. आगीपासून संरक्षणाची ही पद्धत तेव्हा नुकतीच रूढ होत होती.

चिखलावरचा तराफा

शिकागोच्या मध्यवस्तीखाली खडक शंभर फुटांहून खोल आहे. मधे ओली, मऊ चिकणमाती. तिच्यावर भारी इमारत ठेवली की मातीतले पाणी हळूहळू पिळून निघते आणि इमारत वर्षानुवर्षे खाली बसत राहते. खाली बसणे टाळता येत नव्हते, म्हणून सगळी इमारत एकसारखी कशी बसेल एवढेच बघायचे होते. एक कोपरा जास्त गेला तर भिंती तडकतात.

आधीची पद्धत दगडी पिरॅमिडसारख्या पायांची होती. त्यात तळघराची निम्मी जागा जाई. मोंटॉकच्या वेळी रूटने त्यावर तोड काढली होती. लोखंडी रूळ एकमेकांवर आडवे-उभे रचायचे, वर काँक्रीट ओतायचे आणि थोड्या जाडीत भार रुंद जागेवर पसरवायचा. मोनाडनॉकखाली हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर आली. पोलादी तुळया घातलेल्या काँक्रीटचा तराफा भिंतींच्या बाहेर ११ फूट, म्हणजे पदपथाखाली आणि रस्त्याखाली पसरला. भाताच्या खाचरात पाय रुतू नये म्हणून फळी टाकतात, तसा हा प्रकार.

इमारत ८ इंच खाली बसेल असे धरले होते. १९०५ पर्यंत तेवढी ती बसली आणि वर आणखी काही इंच गेली, त्यामुळे तळमजल्याचे काम नव्याने करावे लागले. १९४० पर्यंत हा आकडा २० इंचांवर पोहोचला. त्याच सुमारास डिअरबॉर्न स्ट्रीटखालून भुयारी रेल्वेचा बोगदा खणला जात होता. पायाचा तराफा रस्त्याखाली गेलेला असल्याने तो उघडा पडण्याची भीती होती. तेव्हा पूर्वेकडच्या भिंतीखाली खोल कठीण थरापर्यंत काँक्रीटचे खांब (कॅसॉन) उतरवून तिला टेकू दिला गेला. इमारतीत शिरताना पदपथावरून एक पायरी खाली उतरावी लागते, ती या सगळ्या हालचालीची खूण. एरवी जोते चढून आत जाण्याची सवय असलेल्यांना ते थोडे चमत्कारिक वाटते.

विकाऊ उजेड

इमारत एवढी चिंचोळी का, याचे उत्तर प्लॉटच्या आकारात आहे. पण त्या आकाराचा पुरेपूर फायदा घेतला गेला. मधोमध एकच लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना कचेऱ्या. प्रत्येक कचेरीला रस्त्याकडची खिडकी. विजेचे दिवे नुकते आले होते आणि मोनाडनॉकमध्ये तारा पहिल्यापासून टाकलेल्या होत्या, पण त्या दिव्यांच्या मिणमिणत्या उजेडावर कोणी दिवसभर हिशेब लिहीत नसे. अंधाऱ्या खोलीला भाडे मिळत नसे. भिंतीतून फुगलेल्या खिडक्यांचे कामही हेच. जाड भिंतीत खोल गेलेली खिडकी उजेड अडवते, तर बाहेर आलेली खिडकी तीन बाजूंनी उजेड गोळा करते आणि खोलीची जागाही थोडी वाढवते. काहीही पुढे येऊ नये म्हणणाऱ्या पीटर ब्रूक्सने हे फुगवटे चालवून घेतले, कारण त्यांचे भाडे येत होते.

व्हरांड्याला स्वतःची खिडकी नव्हती. तिथे उजेड कचेऱ्यांतून उसना घेतला गेला. पडदी तीन फुटांपर्यंत पांढऱ्या कॅरारा संगमरवराची, त्यावर लाल ओकची चौकट आणि चौकटीत पिसांसारखी नक्षी उमटलेली काच. ही काच करण्याची रीत मजेची आहे. वाळू मारून खरखरीत केलेल्या काचेवर गरम सरस लावतात आणि सुकू देतात. सुकताना सरस आकसतो आणि काचेच्या पृष्ठभागाचे बारीक कपचे ओढून काढतो. उरलेल्या खुणा पिसांसारख्या, वेड्यावाकड्या. अशा काचेतून उजेड आरपार येतो, आतला माणूस मात्र ओळखू येत नाही. वकिलांच्या आणि दलालांच्या कचेऱ्यांना दोन्ही गोष्टी हव्या होत्या.

खाली जमिनीवर हाताने घडवलेल्या संगमरवरी तुकड्यांचे मोझॅक. जिने वरपर्यंत उघडे, माथ्यावर काचेचे छप्पर, त्यामुळे जिन्याच्या पोकळीतूनही उजेड खाली झिरपतो. वरच्या मजल्यांचे जिने काशाचा मुलामा दिलेल्या बिडाचे आहेत. तळमजल्याचा जिना ओतीव ॲल्युमिनियमचा. आज हा धातू स्वयंपाकघरातला, पण स्वस्तात तो काढण्याची विजेची रीत १८८६ मध्ये सापडली होती आणि इमारतीत त्याचा वापर जवळजवळ कोणी केलेला नव्हता. बांधकामात ॲल्युमिनियम वापरल्याच्या पहिल्या उदाहरणांत या जिन्याची गणना होते. बाहेर एक कंगणी न परवडणाऱ्या मालकाने आत हा खर्च मान्य केला. बाहेरची भिंत पाहणारा भाडे देत नव्हता, जिन्यावरून चढणारा देत होता.

दक्षिणेचा अर्धा भाग

दक्षिणेचे काम सुरू करताना रूट हयात नव्हता आणि बर्नहॅम १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात गुंतला होता. काम हॉलबर्ड आणि रोश या पेढीकडे गेले. ब्रूक्सनी उत्तर भागाचा खर्च आणि भिंतींनी खाल्लेली जागा पाहिली होती. नव्या भागात धातूचा सांगाडा आला. तोही एका दमात नाही: आधीच्या तुकड्यात विटांच्या भारवाही भिंती आणि सांगाडा यांची मिसळ आहे, अगदी दक्षिणेचा तुकडा पूर्णपणे सांगाड्यावर आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे चालत गेले की दोन वर्षांतला बदल टप्प्याटप्प्याने दिसतो.

दोन्ही भागांच्या मिळून चार तुकड्यांना न्यू इंग्लंडमधल्या डोंगरांची नावे दिली गेली: उत्तरेला मोनाडनॉक आणि केअरसार्ज, दक्षिणेला कटाडिन आणि वॉचूसेट. प्रत्येक तुकडा वेगळा चालवता यावा, अशी मांडणी होती. लोकांच्या तोंडी एकच नाव राहिले.

नव्या भागाचा ताळेबंद सोपा होता. उत्तर भागापेक्षा खर्च १५ टक्के कमी, वजन १५ टक्के कमी, भाड्याने देता येणारी जागा १५ टक्के जास्त, आणि मजले सतरा. यानंतर शिकागोत कोणी वीटभिंतीवर सोळा मजले चढवले नाहीत, याचे कारण या आकड्यांपलीकडे शोधावे लागत नाही.

दर्शनी बाजूला मात्र उलटे झाले. सांगाड्यामुळे भिंत सडपातळ झाली, तरी नक्षी परत आली. तळाशी लाल ग्रॅनाइट, वर कमानी, माथ्यावर तांब्याची ठसठशीत कंगणी. विटांचा रंग आणि फुगलेल्या खिडक्यांचा ताल हॉलबर्ड आणि रोश यांनी राखला, त्यामुळे लांबून इमारत एकसंध वाटते. जवळ गेल्यावर दक्षिण भाग तुलनेने सौम्य, सराईत वाटतो. त्यात चूक काही नाही, पण उत्तर भागातला हट्ट त्यात नाही. वास्तुकार लुई सलिव्हनने विटांचा कडा म्हणून वाखाणली ती भिंत रूटचीच.

१८९३ मध्येच शिकागोने नव्या इमारतींवर १३० फुटांची मर्यादा घातली. एकदम आलेल्या कचेऱ्यांच्या गाळ्यांमुळे भाडी पडतील ही जुन्या मालकांची धास्ती, अंधारणारे रस्ते आणि आगीचे भय, सगळे त्यामागे होते. मोनाडनॉक त्याआधी बांधून झालेली असल्याने तिला ही मर्यादा लागली नाही.

सहा हजारांची वस्ती

दोन्ही भाग मिळून १२०० खोल्या झाल्या आणि त्यांत सहा हजारांवर माणसे काम करू लागली. त्या वेळी जगात याहून मोठी कार्यालयीन इमारत नव्हती. एकूण खर्च सुमारे २५ लाख डॉलर. इलिनॉयमधली बरीच गावे लोकसंख्येने या इमारतीपेक्षा लहान होती. पोस्टाने तिच्यासाठी चार पोस्टमन वेगळे नेमले होते. आठवड्याचे सहा दिवस, दिवसातून सहा वेळा ते टपाल वाटत. रेल्वे कंपन्यांच्या कचेऱ्या हे मोठे भाडेकरू होते, डिअरबॉर्न स्टेशन जवळ असल्याने ते साहजिकच. एवढ्या लांब कोण येणार, ही शंका काही वर्षांत मिटली. १८९७ मध्ये व्हॅन ब्युरेनवरून उन्नत रेल्वेचा फेरा पुरा झाला आणि इमारतीचे दक्षिण टोक गाड्यांच्या खडखडाटात आले, तसेच स्थानकाच्या दारातही आले.

बांधकाम जॉर्ज फुलर याच्या कंपनीने केले होते. तोवर गवंडी, सुतार, लोहार यांचे ठेके वेगवेगळे दिले जात आणि त्यांचा मेळ वास्तुकाराला घालावा लागे. एकाच ठेकेदाराने पूर्ण इमारत ठरल्या रकमेत आणि ठरल्या मुदतीत उभी करून द्यायची, ही पद्धत रुळवणाऱ्यांत फुलर आघाडीवर होता. पुढे न्यूयॉर्कच्या फ्लॅटआयर्न इमारतीचे मूळ नाव त्याच्यावरूनच ठेवले गेले, आणि तिचा वास्तुकार होता बर्नहॅम.

रबराखाली गेलेले मोझॅक

१९३० च्या दशकातल्या मंदीत जुन्या इमारतींचे भाडेकरू नव्या, चकचकीत कचेऱ्यांकडे सरकू लागले. १९३८ मध्ये मोनाडनॉकचे आधुनिकीकरण झाले. काम स्किडमोर आणि ओविंग्ज या तरुण पेढीकडे दिले होते. तिसरा भागीदार मेरिल त्यांच्यात तेव्हा आलेला नव्हता. पुढे तिघांच्या नावाने ही पेढी जगभर गगनचुंबी इमारती बांधू लागली. सार्वजनिक भाग बदलले गेले, मोझॅकवर रबराच्या लाद्या आल्या. त्या काळच्या नजरेला ही सुधारणा होती, आणि तिने इमारतीला आणखी तीस वर्षे भाडे मिळवून दिले हेही मान्य करायला हवे. होम इन्शुरन्स १९३१ मध्ये पाडली गेली, रूट-बर्नहॅमचे २१ मजली मॅसोनिक टेंपल १९३९ मध्ये गेले. मोनाडनॉक टिकली, कारण ती पाडण्यापेक्षा चालवणे फायद्याचे राहिले.

ब्रूक्स कुटुंबाने १९६६ मध्ये इमारत विकली. १९७० मध्ये राष्ट्रीय वारसा यादीत आणि १९७३ मध्ये शिकागोच्या वारसा वास्तूंत तिची नोंद झाली. पण नोंदीने गळके नळ दुरुस्त होत नाहीत. १९७९ मध्ये विल्यम डॉनेल यांनी ती घेतली तेव्हा आतली अवस्था वाईट होती. सगळे एकदम करायला पैसे नव्हते, आणि एका अर्थी तेच बरे झाले. एखादी कचेरी रिकामी झाली की ती मूळ रूपात आणायची, भाड्याने द्यायची आणि त्या उत्पन्नातून पुढची हाती घ्यायची. वास्तुकार जॉन व्हिन्सी यांच्या मार्गदर्शनाखाली हे काम तेरा वर्षे, १९९२ पर्यंत चालले.

मूळ आराखडे आणि जुनी छायाचित्रे हा आधार होता. ओकच्या चौकटी, पिसांच्या नक्षीची काच, संगमरवरी मोझॅक, ॲल्युमिनियमचे दिवे, यांतले बरेचसे बाजारात मिळतच नव्हते. विसरलेल्या रीती पुन्हा शिकून त्या वस्तू नव्याने घडवाव्या लागल्या. छायाचित्रांत दिसणाऱ्या दिव्यांवरून नवे दिवे ओतले गेले आणि त्यांत कार्बनच्या तारेचे मंद बल्ब बसवले गेले, म्हणून तळमजल्याचा व्हरांडा भर दुपारीही पिवळसर अंधुक असतो. नव्याने येणाऱ्यांना वीज गेली की काय असे वाटावे इतका.

या व्हरांड्याच्या दोन्ही बाजूंना लहान गाळे आहेत: टोप्यांचे दुकान, न्हावी, बूट दुरुस्त करणारा, कॉफी विकणारा. प्रत्येक गाळ्याला एक दार रस्त्याकडे आणि एक व्हरांड्याकडे. काचेवर नाव रंगवण्याची धाटणी सगळ्यांना सारखी. वरच्या मजल्यांवर वकील, वास्तुकार, छोट्या संस्था. मोठ्या कंपनीला अख्खा मजला मोकळा लागतो, तो इथे मिळत नाही, कारण मधला व्हरांडा हलवता येत नाही. एक-दोन खोल्यांत काम करणाऱ्यांना मात्र रस्त्याकडची खिडकी आजही हमखास मिळते, आणि उत्तर भागात खालच्या मजल्यांवर त्या खिडकीची चौकट खोल, जाड भिंतीत बसवलेली असते.